लाल तोंडाचं इंजिन

खोली भाड्यानं मागायला गेले तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, घरी कोण-कोण असतं हेही विचारलं नाही. मला अंगणातच उभं केलं, घराच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "यातला वेगळा कोणता?"

भिंतीवर तळहाताएवढी हिरवी ठिगळं होती. वरपासून खालपर्यंत नुसती हिरवी. मला सगळी एकाच डब्यातली वाटली. पण खोली हवी होती, म्हणून डोळे ताणून एका ठिगळावर बोट ठेवलं.

"का?"

"हे जरा पिवळ्याकडं झुकलंय."

"कोणत्या उजेडात?"

आता उजेड कोणता म्हणजे काय? समोर होता तो. मी तसंच म्हणाले, "आत्ताच्या. संध्याकाळी कसं दिसेल, मला माहीत नाही."

बाईंनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. पुढे कितीतरी दिवस माझी समजूत होती की मी बरोबर ठिगळ ओळखलं म्हणून मला खोली मिळाली. एकदा सहज विचारलं, तर म्हणाल्या, "छे गं, चुकलंच होतं तुझं. पण माहीत नाही म्हणालीस ना, म्हणून दिली. माहीत असलेले लोक लई झालेत."

तेव्हा पुंडलिकनगरात अर्धे प्लॉट मोकळेच होते. पत्ता सांगताना लोक 'ठिगळाच्या घरापासून डावीकडे' असं सांगत. त्या घरात बाई एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि शाळा सुटली की आगगाडीच्या जुन्या, कोळशाच्या इंजिनांचा मूळ रंग शोधायच्या. हे वाक्य मी आजही कुणाला सांगितलं की समोरचा पुन्हा विचारतो, "काय शोधायच्या?" रंग. इंजिनांचा. निजामाच्या काळात मनमाडकडून आपल्या औरंगाबादला आलेल्या छोट्या, मीटरगेज लाईनीवर जी इंजिनं धावली, ती नवी असताना कशी दिसत होती, हा बाईंचा प्रश्न होता. या प्रश्नाचं उत्तर सगळ्या गावाकडे तयार होतं. इंजिन म्हणजे काळं! बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "काळं शेवटी सगळंच होतं. आधी काय होतं ते बोल."

जुने फोटो होते, पण ते काळे-पांढरे. जुनी माणसं होती, त्यांना एवढंच आठवायचं की हिरवं होतं. हिरवं म्हणजे कोणतं? एक म्हणे कडुनिंबासारखं, दुसरा म्हणे हिरव्या बाटलीसारखं. बाई दोघांचं ऐकून घरी यायच्या, रंग कालवायच्या आणि भिंतीवर दोन नवी ठिगळं लावायच्या. यातलं काहीही त्या लिहून ठेवत नसत. "कागदावर हिरवा असं लिहिलं की वाचणारा आपलाच हिरवा वाचतो," हे त्यांचं म्हणणं. मला ते पटायला वेळ लागला. मी चितेगावच्या एका कारखान्यात टीव्हीच्या पडद्यावरचे रंग तपासायची नोकरी करत होते, आणि दिवसभर कागदावर 'रंग ठीक' असंच लिहीत होते. बाईंना माझ्या नोकरीची भारी गंमत वाटायची. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की पायरीवर बसून विचारायच्या, "आज तुझ्या पडद्यावरचं गवत कोणत्या गावचं होतं गं? श्रावणातलं का मार्गशीर्षातलं?"

त्यांच्याबरोबर कापडदुकानात जाणं म्हणजे शिक्षा होती. साडी आवडली की बाई ती उलगडून सरळ रस्त्यावर चालू लागायच्या. दुकानातल्या ट्यूबलाईटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गुलमंडीतल्या एका नव्या नोकरानं चोर-चोर म्हणून त्यांच्यामागे धाव घेतली, तेव्हा बाई भर रस्त्यात, सायकली आणि रिक्षांच्या मधोमध, साडी उन्हात धरून उभ्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "थांब रे, ढग जाऊ दे," असं म्हणाल्या, आणि तो बिचारा खरंच ढग जाईपर्यंत थांबला. मी लाजेनं दुकानातल्या गाद्यांवर बसून होते. साडी त्यांनी घेतली नाहीच.

घरात जवसाच्या तेलाचा वास कायम असायचा. जुन्या काळी रंग जवसाच्या तेलात कालवत, म्हणून बाई ते तेल मंद आचेवर तासन् तास कढवायच्या, आणि उरलेल्या जवसाची चटणी करायच्या. एवढी झणझणीत जवसाची चटणी मी नंतर कुठे खाल्ली नाही. मसाल्याचे डबे मात्र घरात दोन होते आणि दोन्ही हुबेहूब सारखे. एकात मोहरी, जिरं, हळद. दुसऱ्यात इंजिनांवरून खरवडलेल्या रंगाच्या खपल्या. एका रविवारी बाईंना बरं नव्हतं, म्हणून मी मोठ्या मायेनं वरण केलं आणि फोडणीत मोहरी म्हणून चिमूटभर इंजिन टाकलं. मोहरी तडतडेना, म्हणून अजून थोडं टाकलं. वास आल्याबरोबर बाई अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी वरण मोरीत ओतलं, पातेलं अंगणात नेऊन टाकलं, माझे हात साबणानं धुतले, मला चार चुळा भरायला लावल्या. "शिसं असतं गं त्यात. मरशील." मोरीतही दोन बादल्या पाणी ओतलं. मग म्हणाल्या, "इंजिनाच्या पुढच्या टोकाकडच्या खपल्या होत्या का मागच्या?"

मला एकदा त्यांनी स्टेशनवर नेलं. मोठी लाईन टाकण्याचं काम जोरात होतं, छोट्या लाईनीचे दिवस संपत आले होते. यार्डाच्या कडेला बाभळीच्या झुडपात एक म्हातारं इंजिन उभं होतं. गंजलेलं, काळंकुट्ट, त्यावर कावळे बसलेले. बाईंनी चपला काढल्या. देवळात काढतात तशा नाही, वर चढायला सोपं जावं म्हणून, पण मला ते पाहून का कोण जाणे बरं वाटलं. मग त्यांनी बारीक पॉलिश पेपर काढला आणि एका पट्टीच्या आडोशाला, जिथं ऊन-पाऊस पोचला नव्हता अशा जागी, बोटानं गोल-गोल घासायला सुरुवात केली. घासत होत्या, फुंकत होत्या, भिंग लावून पाहत होत्या. बऱ्याच वेळानं मला बोलावलं.

"बघ."

रुपयाएवढा खोलगट गोल तयार झाला होता आणि त्यात कांद्याच्या चकतीसारखी कडी दिसत होती. बाहेर काळं, मग काळं, मग राखाडी, मग परत काळं, आणि आत, अगदी आत, लोखंडाच्या आधी, एक हिरवी रेघ. केसाएवढी. जेवढी वर्षं तेवढे थर, आणि सगळ्यांत जुना थर सगळ्यांत आत, डोळ्यांपुढे. मी आयुष्यात पहिल्यांदा काळ नावाची गोष्ट पाहिली असं मला वाटलं, आणि ते मी बाईंना सांगितलंसुद्धा. बाई म्हणाल्या, "जास्त बोलू नकोस, भिंगावर वाफ येते."

पण त्यांचेही डोळे भरून आले होते. मी पाहिलं होतं.

त्या खपल्या घरी आणून बाई गच्चीवर उन्हात ठेवत. तेलातला रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो आणि उन्हात ठेवला की हळूहळू ठिकाणावर येतो, हे मला त्यांनीच शिकवलं. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर एका चादरीवर माझ्या कुरडया आणि दुसऱ्या चादरीवर बाईंची इंजिनं वाळत असायची. राखणीला मी बसायचे. कावळ्यांना दोन्ही सारखंच आवडे.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मी विचारला नाही. वेडाला कारण नसतं असं मी धरून चालले होते. कारण कळलं ते बाईंच्या मोठ्या भावामुळे. दादा सिल्लोडजवळ शेती करायचे. कापूस विकला की नाहीतर मक्याची कणसं निघाली की पोतं घेऊन बहिणीकडे यायचे. आडदांड, मोठ्या आवाजाचा, प्रेमळ माणूस. बहिणीवर जीव होता, आणि दर वेळी जेवण झालं की तिच्याशी तेच भांडण उकरून काढायचा.

भांडण असं होतं. रझाकारांच्या धामधुमीत बाईंचे वडील, म्हणजे आबा, हद्दीपलीकडे मनमाडच्या बाजूला निघून गेले होते. आई आणि दोन्ही लेकरं इथं शहरात मामाकडे राहिली. पोलीस ॲक्शन झाली आणि आबा गाडीनं परत आले. पण तब्येत ढासळून आले होते, सहा-आठ महिन्यांतच गेले. बाई तेव्हा चार वर्षांच्या. त्यांना आबांचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. आठवत होतं ते एकच. आबा आले त्या दिवशीचं इंजिन. त्याचं मोठं, गोल, लालभडक तोंड, अगदी समोर.

"कसलं लाल?" दादा हात झटकून म्हणत. "काळं व्हतं. मी अन् मामा गेलो व्हतो टेसनावर. मी दहा वर्साचा व्हतो, मला नाय का ठावं? घरात आई विळ्या-कोयत्याची पूजा मांडून बसलेली, अन् तू तिच्या मांडीवर, तापानं फणफणलेली. तू आलीच नव्हतीस."

"मग मला आठवतंय ते काय?"

"सपान. आन् मला सांग, इंजिनाचं तोंड असतंय केवढं उंच. चार वर्साच्या पोरीच्या समोर कसं यील?"

 यावर बाई ताटं उचलून आत जायच्या. दादा मला म्हणायचे, "लई हुशार हाय माझी बहीण. पर यवढ्या एका गोष्टीपायी येडी झाली बघा."

त्या दिवशी मला बाईंचं घर नव्यानं दिसलं. भिंतीवरची हिरवी ठिगळं सगळ्या जगासाठी होती, त्यांना स्वतःला हवा होता तो लाल. इंजिनाचं तोंड लाल निघालं, तर बाई त्या दिवशी स्टेशनवर होत्या. नसेल निघालं, तर आबांची म्हणून जवळ असलेली एकुलती एक गोष्टही स्वप्नच. आणि एवढं असूनही त्यांच्या भिंतीवर लाल रंगाचं एकही ठिगळ नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "जे हवंय ते आधी लावून ठेवलं तर मग तेच दिसायला लागतं."

मग एक साहेब आले. रेल्वेतले, तरुण, हौशी. बाभळीतलं ते इंजिन स्वच्छ करून चौथऱ्यावर, लोकांना पाहायला ठेवायचं त्यांच्या मनात होतं, आणि कुणीतरी त्यांना बाईंचं नाव सांगितलं होतं. ते घरी आले, भिंत पाहिली, चटणी खाल्ली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तो रंग."

अंगाचा हिरवा तर बाईंनी पक्का केलाच होता. तोंड राहिलं होतं. इंजिनाच्या तोंडाशी भट्टीचा धूर आणि धग, तिथं जुना रंग टिकतच नाही. बाई उन्हात बसून इंच-इंच धुंडाळत राहिल्या. शेवटी एका बिजागरीच्या मागे, खाचेत, काळ्याच्या पोटात लाल मिळाला. एक थर नाही. लाल, काळा, लाल, काळा, असे एकावर एक. म्हणजे पुन्हा-पुन्हा लावलेला. बाईंनी घरी आणून त्याच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. जुन्या पक्क्या रंगात शिसं असतं, यातही निघालं. लाईनीवर पूर्वी फायरमन असलेले एक चाचा होते, बाई त्यांच्याकडे गेल्या. मीही बरोबर होते.

"चाचा, इंजिन का मुँह लाल होता था?"

"हौ बाई, होता था ना," चाचा चहा फुंकत म्हणाले.

 परत येताना रिक्षानं पुंडलिकनगरचं वळण घेतलं तेव्हा बाईंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "मी होते गं तिथं." त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवर पहिलं लाल ठिगळ लावलं. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी रंगाचे डबे आणले, रंगारी ठरला, अंग हिरवं झालंसुद्धा. तोंडाचा लाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता.

आदल्या दुपारी आम्ही दोघी गच्चीवर होतो. वैशाखाचं ऊन. मी माझ्या कुरडया उलटत होते, बाई त्यांच्या खपल्या. एकाएकी त्यांचा हात थांबला. सगळ्या खपल्या कोरड्या ठणठणीत होत्या. लाल खपलीखालच्या वर्तमानपत्रावर मात्र तेलाचा डाग पसरला होता.

"जवसाचं तेल एकदा वाळलं की वाळलं," त्या पुटपुटल्या. "ते असं परत सुटत नाही."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग सुईनं खपलीतली एक गाठ मोकळी केली. ती गाठ रोजच दिसत होती, नीट न घोटलेल्या रंगाची गुठळी म्हणून त्यांनी सोडून दिलेली. सुईच्या टोकावर घेऊन त्यांनी ती माझ्यापुढे धरली. भिंगातून मी पाहिलं. तो तांदळाचा दाणा होता. तुटका, लाल झालेला, पण तांदूळच.

"रंगात तांदूळ कोण घालतं गं?" बाईंनी विचारलं. अगदी साधा प्रश्न होता, वर्गात विचारतात तसा.

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही होतं. मी सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "अक्षता आहेत या. शेंदूर आहे हा, तिळाच्या तेलातला, ते पुरतं वाळतच नाही. शेंदूर म्हणजे शिशाचाच, म्हणून पास झाला सगळ्या परीक्षांत."

खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते, तशी इंजिनाच्या शेडमध्ये इंजिनांची व्हायची. तोंडाला मारुतीसारखा शेंदूर फासायचा, अक्षता टाकायच्या, हार घालायचा. दसरा झाला की वर काळा हात मारून गाडी पुन्हा कामाला. दर वर्षी. लाल, काळा, लाल, काळा. तोंडाचा रंग काळाच होता. दादांचं खरं होतं.

आम्ही तशाच चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, "आप पूछे, लाल होता था क्या, तो मैं बोला होता था. क्यूँ होता था, ये कौन पूछा? पूजा होती थी ना बाई, हर साल. हम बी लड्डू खाते थे." बाईंनी पोलीस ॲक्शनच्या वर्षाचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी कप खाली ठेवला. "उस साल हम लोगां डर के मारे घर में बैठे थे," एवढंच म्हणाले.  बाई उठून चाचांच्या सुनेबरोबर कप विसळू लागल्या.

रिक्षात मी बाईंकडे पाहायचं टाळत होते. माझ्या मनात पाप आलं होतं. दाण्याचं कुणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळी लाल लागला असता, लोकांनी पाहिला असता, शंभर वर्षं तोच खरा ठरला असता, आणि बाईंचे आबा त्यांच्याजवळ राहिले असते. मी तसं अर्धवट बोललेही. बाई बाहेर पाहत म्हणाल्या, "रिक्षा स्टेशनकडं घे म्हणावं."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, डबे आणलेत. हिरव्यावर लाल छान दिसेल की. राहू द्या."

"छान दिसतो म्हणून लावायचा तर माझ्या केसांना लावा," बाई म्हणाल्या. "याला काळा लावा. मी चुकले."

असं बोलायला किती बळ लागतं ते मला तेव्हा, त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून कळलं. मोठमोठी माणसं मी नंतर पाहिली. भाषणं ऐकली. पण आपलं सगळ्यांत लाडकं म्हणणं स्वतःच्या हातानं पुसून, वर आवाज जराही न हलवता 'मी चुकले' म्हणणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. घरी येऊन त्यांनी भिंतीवरचं लाल ठिगळ खरवडून काढलं. मग भात लावला. जेवताना मात्र त्यांच्याच्यानं तो गिळवेना.

पावसाळा उलटल्यावर चौथऱ्यावरचं इंजिन लोकांना खुलं करायचा छोटासा समारंभ झाला. हिरवं अंग, काळं तोंड. हिरवा असा की बाभळी त्याच्यापुढे फिक्या वाटत होत्या. कारखान्यातून रजा काढून मी गेले होते. चाचा होते. दादा सिल्लोडहून पहिल्या एस.टी.नं आले होते. रेल्वेच्या मजुरांनी पूजेचं ताट आणलं होतं, पण नव्या रंगाला कुणी हळद-कुंकवाचं बोट लावायचं नाही असा बाईंचा सक्त हुकूम होता. साहेबांनी चौथऱ्यावर नारळ फोडला आणि ताट, शेंदराच्या वाटीसकट, तसंच कडेला राहिलं.

दादा इंजिनासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "म्हनलं व्हतं का नाय? काळंच व्हतं."

"व्हय दादा," बाई म्हणाल्या. "तुझंच खरं. मला सापडला तो रंग नव्हताच. शेंदूर होता. खंडेनवमीला फासायचे."

दादा हसणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ते हसू तिथंच राहिलं.

"शेंदूर?"

"हो. शेडमध्ये पूजा व्हायची म्हणे दर वर्षी."

"खंडेनवमीला?"

"हो रे."

दादा इंजिनाकडे बघत राहिले. इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण पुढचं बोलला ते मला जेमतेम ऐकू आलं. "आबा आले तो खंडेनवमीचाच दिस व्हता. म्हणून तर आई पूजा मांडून बसलेली."

  ते वाक्य त्या घरात प्रत्येक भांडणात बोललं गेलं होतं, विळ्या-कोयत्याची पूजा, मी कितीदा ऐकलं होतं, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"मला ध्यानातबी नव्हतं ते शेंदराचं," दादा म्हणाले. "मी कधी सांगितलं नाय तुला. आई सांगंल कशी, ती तर घरातच व्हती. मामा तर कधी बोललाच नाय." ते बहिणीकडे वळले. "मग तुला कुनी सांगितलं, इंजिनाचं तोंड लाल हाय म्हणून?"

बाईंनी मान हलवली. कुणी नाही.

"मग तू आली व्हतीस," दादा म्हणाले. "मामानं आनली असंल तुला उचलून. मीच इसरलो. चुकलो गं मी."

बाई वाकल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी धरायला पुढे झाले, पण त्या फक्त चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, पुसतच राहिल्या. दादा तोवर कडेच्या ताटाशी गेले होते. त्यांनी शेंदराच्या वाटीत बोटं बुडवली आणि चौथऱ्यावर चढले. साहेब घाईनं म्हणाले, "अहो, रंग, रंग! बाई, सांगा ना यांना." सगळेजण बाईंकडे पाहू लागले. एका थेंबासाठी रंगाऱ्याला रडवणारी बाई ती.

दादांनी चार वर्षांच्या पोरीच्या उंचीचा अंदाज घेतला आणि खाली, आपल्या कमरेच्या उंचीवर, लोखंडाला बोटं टेकवली.

"तिथं नाही," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता, स्वच्छ. "वर लाव, दादा. मी आबांच्या खांद्यावर होते."

दादांनी टाचा उंचावल्या आणि हात वर नेला.